आतल्या बाजूची खूण

माझ्या शेजारच्या गाळ्यात जो बसतो त्याला सगळी गल्ली नवाकोरा म्हणते. खरं नाव पाटीवर होतं. पाटी त्यानेच रंगवली होती, पण लोकांच्या गाड्या रंगवण्याच्या नादात तिच्यावर दुसरा हात मारायचं राहिलं आणि दोन-तीन वर्षांत ती वाचता येईनाशी झाली. गिऱ्हाईक दारात आलं की त्याचं वाक्य ठरलेलं असायचं, "ठेवून जा, नवीकोरी करून देतो." त्यावरून हे नाव पडलं. स्वतः मात्र अगदी जुनापुराणा. चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली, बोटांच्या टोकांना कुठला ना कुठला रंग, आणि डोक्यावर प्लॅस्टिकचा पांढरा भुगा, त्यामुळे केस पिकले कधी ते कुणाला कळलंच नाही.

मी सीट कव्हर शिवतो. आमच्या दोघांच्या गाळ्यांमध्ये छातीइतकी भिंत आहे, वर मोकळंच. त्याने पॉलिश पेपर चालवला की धूळ माझ्या रेक्झिनवर. एकोणीस वर्षं मी त्यावरून त्याच्याशी भांडलो. "दादा, तुम्ही घासा, पण तिकडे तोंड करून घासा," मी म्हणायचो. तो म्हणायचा, "मास्तर, तू तुझं मशीन त्या तोंडाला कर." दोघांपैकी कुणीही काही हलवलं नाही.

मोटारसायकल पडली की आधी तिचं प्लॅस्टिक सोलवटतं. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना आणि पुढे दिव्याभोवती जी रंगीत पॅनलं असतात, ती जमिनीला आधी लागतात. नवीन पॅनल मागवलं तर येता येत नाही, म्हणून लोक याच्याकडे. हा पॅनल हातात घेऊन उजेडात तिरपं धरायचा आणि गिऱ्हाईक काही सांगायच्या आत म्हणायचा, "उभी गाडी पडलीय. स्टँड नीट लावलं नव्हतं." ओरखडे आखूड आणि आडवेतिडवे असले की गाडी जागच्या जागी कलंडलेली. लांब, एकाच दिशेने मागे ओढलेले असले की घसरत गेलेली. एकदा एकजण म्हणाला, "कुणीतरी धडक दिली." हा म्हणाला, "धडक देणाऱ्याने आधी तुमची गाडी दहा फूट फरफटवली का?" त्या माणसाने मुकाट्याने पॅनल ठेवलं.

मग काम सुरू. आधी धुवायचं, वाळवायचं. चीर जिथे संपते तिथे बारीक भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग पॅनल पालथं घालून, आतल्या बाजूने, तापलेल्या सोल्डरिंगने चिरेत बारीक जाळी दाबायची आणि वरून प्लॅस्टिक वितळवून भरायचं. इतर लोक वाटेल ते भरतात आणि वर पुट्टीचा थर थापतात. हा तसा नव्हता. एका जातीच्या पॅनलला त्याच जातीचं प्लॅस्टिक. त्यासाठी फुटक्या पॅनलांच्या पट्ट्या कापून त्याने डब्यांत वेगवेगळ्या ठेवलेल्या. पुट्टी नावाला. मग घासायचं, आधी जाड पेपरने, मग बारीक, मग पाणी लावून त्याहून बारीक. मग प्रायमर, रंग, लॅकर. शेवटी तो गल्लीतल्या एखाद्या मेकॅनिकला बोलवायचा आणि म्हणायचा, "कुठे फुटलं होतं ते दाखव." कुणालाही दाखवता आलं नाही.

म्हणून तो आतल्या बाजूने खूण करायचा. कुणीतरी दुसऱ्याचं बिघडवलेलं काम याच्या गळ्यात मारायला बघितलं होतं, तेव्हापासून. सोल्डरिंगच्या टोकाने तारीख, महिना आणि खाली एक ठिपका. पॅनल गाडीला बसलं की ती खूण कुणालाच दिसत नसे, त्यालाही नाही.

लोक जुनी गाडी विकत घ्यायची असली की याला दाखवायला आणायचे. हा बोटाच्या पेराने पॅनलवर ठोकत जायचा. पुट्टी असेल तिथे आवाज बसका येतो. "इथे, आणि इथे. घेऊ नकोस," एवढं म्हणून तो आपल्या कामाला लागायचा. एकदाही चुकला नाही. त्याला त्याचा गर्व होता, आणि मला तो गर्व आवडायचा नाही, हेही सांगून टाकतो.

मुलगी दहा वर्षांची असताना त्याची बायको गेली. मुलगी शाळेतून थेट गाळ्यावर यायची. त्याच्याकडे रंगाचा वास म्हणून माझ्या फोमच्या गठ्ठ्यावर बसून अभ्यास करायची आणि कधीकधी तिथेच झोपायची. मी तिच्यासाठी एक तुकडा बाजूला ठेवलेला असायचा, दुपारनंतर तो विकायचा नाही. तिला काका म्हणजे मी, आणि बाबा म्हणजे देव. बाबा म्हणाले म्हणजे झालं. लग्नसुद्धा बाबांनी हो म्हटल्यावर झालं. मुलगा एसी बसवायचा, दिवसभर शिडीवर. याने त्याला पास केलं ते अशासाठी की एकदा आमच्या समोरच्या दुकानात तो काम करत होता आणि काढलेले स्क्रू त्याने ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने बशीत मांडून ठेवले होते. "मास्तर, असला माणूस बायकोला सांभाळतो," हा मला म्हणाला. त्यात चूक नव्हती.

लग्नाला दोन वर्षं झाली असतील. एका दुपारी जावई आणि मुलगी एक मोटारसायकल घेऊन आले. कोपऱ्यावरच्या जुन्या गाड्यांच्या डीलरकडची, फक्त चालवून बघायला दिलेली. काळी, अंगभर पॅनलं, दिसायला देखणी. मुलीला ती नको होती. "साधी घे म्हणतेय मी," ती म्हणाली. जावई म्हणाला, "बाबा, तुम्ही हो म्हणालात तरच घेतो. नाहीतर आत्ता परत देऊन येतो."

नवाकोऱ्याने चष्मा पुसला, दोन फेऱ्या मारल्या, आणि ठोकायला सुरुवात केली. डावं पॅनल, उजवं पॅनल, दिव्याखालचं. मीही बाहेर आलो होतो. सवयीने मी सीटच्या मागच्या टोकावर बोट फिरवलं. तेवढ्यात चहा आला.

जावई म्हणाला, "उघडून बघायचं का बाबा? स्क्रू मी काढतो."

"कशाला? प्लॅस्टिकचे जुने लॉक असतात, काढताना तुटतात. मी हात लावलाय ना." त्याने पुन्हा एकदा डाव्या पॅनलवर ठोकलं आणि हसला. "ही गाडी जमिनीला टेकलेलीच नाही. घ्या."

मुलीचा विरोध तिथेच संपला. आम्ही चौघं बाकावर बसून चहा प्यायलो, बराच वेळ गप्पा मारल्या. जावयाला म्हणे तीन मजली बिल्डिंगचं मोठं काम मिळणार होतं.

चार महिन्यांनी जावई उतारावरच्या वळणावर पडला. समोर कुणी नाही, रस्ता कोरडा. पुढचं चाक एकदम वाकडं झालं, हँडल हातात असूनही गाडी ऐकेना, एवढंच त्याला आठवत होतं. गाडी त्याच्या गुडघ्यावर आली. डॉक्टरांनी पाय वाचवला, पण तो वाकत नाही. वाकत नसलेल्या पायाने शिडी चढता येत नाही. पोलिसांनी गाडी घसरली असं लिहून घेतलं, आणि गाडी घसरली म्हणजे वेग जास्त होता, हे सगळ्यांनी आपलं आपण ठरवून टाकलं.

तो म्हणत राहिला, "मी वेगात नव्हतो." त्याच्या घरचे गप्प बसले. मुलगी त्याला सरळ म्हणाली, खोटं बोलू नकोस. आणि नवाकोरा हॉस्पिटलात त्याच्या खाटेशी उभा राहून, माझ्यासमोर, म्हणाला, "निदान माझ्या मुलीचा तरी विचार करायचा होता." जावयाने पांघरूण सारखं केलं. मला त्याची दया आली. पण मीही मनात म्हटलं, तरणं पोर आहे, पिळली असेल मूठ.

गाडी दीड महिना त्यांच्या जिन्याखाली पडून होती. मग मुलीने ती टेम्पोत घालून गाळ्यावर पाठवली आणि मागून स्वतः आली. "दुरुस्त करा बाबा, आणि विकून टाका. ती डोळ्यांसमोर असली की मला त्याच्याशी धड बोलवत नाही." तिने आता एका दुकानात काउंटरवर काम धरलं होतं. दमलेली दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोम कापत होतो. पलीकडे स्क्रू काढल्याचा आवाज येत होता, मग लॉक सुटल्याचा, मग काहीच नाही. मग हाक आली, "मास्तर, जरा इकडे ये."

डावं पॅनल पोत्यावर पालथं पडलं होतं. चीर नवीन होती, पण तिच्या शेजारून एक जुना, जाळी दाबलेला, नीट भरलेला जोड गेला होता. त्याच्या टोकाशी तारीख, महिना आणि खाली ठिपका.

"माझं आहे," तो म्हणाला.

मग त्याने गाडीकडे बोट दाखवलं. पॅनल निघाल्यावर आतली चासी उघडी पडली होती. हँडलच्या खाली, जिथे पुढचं सगळं वजन येतं, तिथे कुणीतरी कधीतरी तुटलेला जोड वेल्डिंग करून वर काळा रंग फासला होता. ते वेल्डिंग आता पुरतं उकललं होतं. त्यात बोट गेलं असतं. पोराने मूठ पिळली असो नसो, गाडी पडणारच होती.

आता कसं झालं ते कळलं. डीलर आमच्या गल्लीत गाडी आणायचाच नाही. नुसती पॅनलं पोत्यात भरून आणायचा, दहा-बारा एकदम. हा जोडून, रंगवून द्यायचा. कुठलं पॅनल कुठल्या गाडीचं, आत काय मोडलंय, याला माहीत नाही, आणि यानेही कधी विचारलं नाही. आणि त्या दुपारी याने ठोकून पाहिलं ते स्वतःच्याच कामावर. पुट्टी नव्हती, प्लॅस्टिक त्याच जातीचं होतं, आवाज खणखणीत आला. दुसऱ्या कुणाचंही काम असतं तर त्याने पकडलं असतं.

"मला ओळखता आलं नाही," तो म्हणाला. "मलाच."

मी जे बोललो ते इथे लिहिताना मला लाज वाटते, पण बोललो खरं. "दादा, खूण घासून टाका. चार हात मारले की गेली. गाडी भंगारात देऊ. पोरीला सांगून काय होणार? पाय थोडाच परत येणार?"

त्याने पॉलिश पेपर उचलला, पाण्यात बुडवला. पॅनल मांडीवर घेतलं. मग पेपर परत बादलीच्या काठावर ठेवला. "बघू," म्हणाला.

आठ दिवस तो बघत होता. जेवत नव्हता, ते डब्यावरून कळायचं. पॅनल कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. मला वाटलं, मुरेल हळूहळू. त्याची अडचण मला दिसत होती. तोंड उघडलं तर जगात जे एक माणूस त्याचा शब्द प्रमाण मानतं ते जाईल. नाही उघडलं तर तो पोरगा जन्मभर बेफिकीर ठरेल, आपल्याच घरात. मी त्याच्या जागी असतो तर गप्प बसलो असतो. हे मी अंदाजाने म्हणत नाही.

नवव्या दिवशी मुलगी कामावरून परस्पर आली, डबा घेऊन. बाकावर बसली, चप्पल काढली, पाय चोळायला लागली. मी भिंतीपलीकडे मशीनवर होतो.

"काल पुन्हा तेच," ती म्हणाली. "म्हणे मी वेगात नव्हतो. बाबा, मी त्याला पायाबद्दल कधी बोलणार नाही. पण खोटं का बोलतो? मला तेच सहन होत नाही. कालपासून मी बोलतच नाहीये त्याच्याशी."

नवाकोरा उठला. पॅनल घेऊन आला, तिच्या मांडीवर पालथं ठेवलं. "तो खरं बोलतोय," म्हणाला. आणि मग सगळं सांगितलं, उभ्यानेच, काही न वगळता. पोती, डीलर, वेल्डिंग, खूण. माझा पाय मशीनच्या पेडलवर होता. मी तो हलवला नाही.

मुलगी त्या ठिपक्यावरून अंगठा फिरवत होती. लहानपणी तिने त्याला असल्या शेकडो खुणा करताना पाहिलेलं. तिने एकच विचारलं, "त्या दिवशी हे उघडायला किती वेळ लागला असता?"

"अर्धा तास," तो म्हणाला.

"तेवढा वेळ आपण चहा पीत बसलो होतो."

तिने चप्पल घातली. पॅनल काखेत धरलं. "हे मी नेते. त्याला दाखवायचंय," म्हणाली आणि निघाली. डबा बाकावरच राहिला. दुसऱ्या दिवशी तो धुवून नवाकोऱ्याने खिळ्याला अडकवला, ती आली की द्यायला.

नवाकोरा डीलरकडे गेला तो पाच मिनिटांत परत आला. डीलर त्याला म्हणाला होता, "तुमच्याच जावयाने तुमच्याकडूनच तपासून घेतली ना? मग मला काय विचारता?"

महिन्याभराने जावई आला, काठी घेऊन, एकटा. स्टुलावर बसला. पाय दारात आडवा, सरळ. लोकांना ओलांडून जावं लागत होतं, म्हणून तो सारखा सॉरी म्हणत होता. "बाबा, मला आता झोप लागते," तो म्हणाला. "मलाच वाटायला लागलं होतं की मी वेगात होतो." याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. जावई म्हणाला, "ती येईल. थोडा वेळ लागेल." जाताना त्याने खिळ्यावरचा डबा पाहिला आणि न्यायला हात पुढे केला. नवाकोरा म्हणाला, "राहू दे, तीच नेईल." या गोष्टीला दीड वर्ष झालं. डबा तिथेच आहे.

आता नवाकोरा पोत्यातली पॅनलं घेत नाही. गाडी दारात आणा म्हणतो, आधी सगळी उघडून आत बघतो. आणि खूण तो बाहेरून करतो, रंगावर, दिसेल अशी. गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, हे काय? पडलेली गाडी आहे हे सगळ्यांना कळेल." हा म्हणतो, "पडलीच आहे ना?" कोण कशाला येईल मग. दिवसाला एखादं काम होतं, कधी तेही नाही. माझ्या रेक्झिनवर हल्ली धूळ नसते. मला ते बरं वाटत नाही.

परवा दुपारी दोघंही रिकामे बसलो होतो. त्याने भिंतीवरून विचारलं, "मास्तर, त्या दिवशी तूही सीटवरून बोट फिरवलं होतंस. तुला काही वाटलं नव्हतं?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. त्याला वाटलं, तसंच असणार.

माझ्या मशीनचा दात झिजलेला आहे, शेवटच्या वळणावर कापड सरकतं. म्हणून मी मागच्या टोकाला डावीकडे तीन उलटे टाके घालतो. दुसरं कुणी घालत नाही. ते त्या दुपारी माझ्या बोटाला लागले होते, म्हणजे ती सीट मीच शिवलेली. डीलर सीटाही पोत्यातच आणायचा, घासून फाटलेल्या, आणि उभ्या गाडीची सीट अशी घासत नाही हे मला ठाऊक होतं. पण तो पोरीसमोर बोलून बसला होता आणि पोरगी त्याच्याकडे बघत होती. शिवाय, इतक्या वर्षांत एकदा तरी हा चुकावा, असंही माझ्या मनात आलं. मी चहा घेतला.

गाडी भंगारात गेली तेव्हा सीट मी मागून घेतली, फोम चांगला आहे म्हणून. त्याने लगेच देऊन टाकली. तो जेवायला गेल्यावर मी ती पालथी घातली आणि ते तीन टाके आधी उसवले.